दहा हजार सात लाडू

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी भैरवनाथाच्या मांडवातली लाल आकड्यांची पाटी १०,००७ वर येऊन थांबली आणि राधाकृष्ण म्हेत्रे सरांचे गुडघे दुखायला लागले. एरवी ते संध्याकाळी दुखत. आज आकडा बघूनच दुखले.

सवयीनं त्यांनी मनातल्या मनात अंकांची बेरीज केली. एक आणि सात, आठ. बेरीज नवाच्या पाढ्यात बसली नाही की संख्येलाही नऊनं भाग जात नाही, हे सरांनी एकतीस वर्षं सातवीच्या वर्गाला शिकवलं होतं. वर्गानं ते लक्षात ठेवलं नव्हतं, पण सरांना विसरता येत नव्हतं.

आणि सावरदऱ्यात भाग नऊनंच घालायचा असतो. गावठाण एक आणि वस्त्या आठ. मिरजगावच्या रस्त्यावरचं हे गाव तसं शांत. पण चाळीस वर्षांपूर्वी जत्रेच्या प्रसादातल्या अर्ध्या लाडवावरून दोन वस्त्यांची जुंपली होती, तिघांची डोकी फुटली होती आणि पालखी दोन दिवस जागची हलली नव्हती. तेव्हापासून जुन्या माणसांनी नियम घालून दिले. लाडू मोडायचा नाही. नऊ वाटे सारखे, कुणाला एकही कमी-जास्त नाही. परातीत बाकी राहायची नाही. मोजलेला लाडू वाटपाआधी तोंडात जायचा नाही आणि बाहेरचा लाडू ढिगात यायचा नाही. वाटे पुरे झाले की मगच पालखी उठायची आणि मगच पंगत बसायची. आणि यदाकदाचित बाकी राहिलीच, तर वाटप करणाऱ्याची सेवा अपुरी धरायची. त्यानं पुढच्या वर्षी पुन्हा उभं राहायचं, बाकी शून्य येईपर्यंत.

सर सव्वीस वर्षं उभे होते आणि सव्वीसही वर्षं बाकी शून्य आली होती. याचं गावाला फार कौतुक. 'सरांच्या हातात आकडा वळतो,' असं लोक म्हणत. आकडा कसा वळतो ते फक्त सरांना आणि त्यांच्या खांद्यावरच्या शबनम पिशवीला ठाऊक होतं. मोजणी तोंडी व्हायची, सर ती वहीत लिहायचे, आणि जे चार-सहा लाडू वाट्यात बसत नसत ते पिशवीत बसत. सावरदऱ्याची शून्य बाकी दरवर्षी म्हेत्र्यांच्या घरी पितळी डब्यात असायची. सरांच्या पत्नी रोहिणीबाई ती आठवडाभर दुधात कुस्करून खायच्या आणि म्हणायच्या, "यंदाची बाकी जरा कोरडी हाय."

पण त्यांना त्या बाकीचं सुख नव्हतं. त्यांचं माहेर घोडेगावच्या पलीकडं, आणि माहेरची जत्रा नेमकी याच दिवशी. सव्वीस वर्षांत त्यांनी माहेरची जत्रा पाहिली नव्हती, कारण सव्वीस वर्षं नवरा लाडू मोजत होता आणि जावई सोडून लेकीनं एकटीनं जत्रेला यायचं म्हणजे माहेरी आठ प्रश्न आणि सासरी सोळा. यंदा सरांनी पंचांना स्पष्ट सांगून टाकलं होतं. हे शेवटचं. पंच म्हणाले, "बाकी शून्य आली की तुमी मोकळे." रोहिणीबाईंनी पुढच्या वर्षीच्या जत्रेची साडी आजच इस्तरी करून ठेवली होती.

आणि यंदाच जत्रा कमिटीच्या सचिवपदी रविराज आला.

रविराज हायवेवरच्या वस्तीचा पंच. पस्तिशीचा, टापटीप, आणि कुठलीही चालती गोष्ट सुधारल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. त्यानं मोजणीचं यंत्र आणलं. लाडू बांबूच्या पाटीत पडला की बटण दाबायचं, आकडा एकानं पुढं सरकायचा आणि मांडवातल्या पाटीवर लाल अक्षरांत दिसायचा. परातीवर कॅमेरा. वर भोंगा. आकडा थांबल्या थांबल्या त्यानं तो भोंग्यावरून तीनदा सांगितला आणि गावाच्या ग्रुपवर फोटोही टाकला.

"सर, फायनल! दहा हजार सात! आता भागा."

सरांनी पिशवीकडं पाहिलं. पिशवीनं मान टाकली होती.

"भाग जात नाही," सर म्हणाले.

सव्वीस वर्षांत हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं.

"जात न्हाई म्हंजी?" गावठाणाचे पंच रंभाजीआण्णा पुढं सरकले. आण्णांचं वय अठ्ठ्याहत्तर, आवाज चाळिशीतला. "कवा न्हवं ते आजच कसा जात न्हाई?"

"नऊनं भागलं की आठ उरतात."

"आठ!" मळ्यातल्या वस्तीचा पंच कानिफनाथ जागचा उठला. तो आकड्यांतलं बघायचा. त्याची मोटारसायकल, त्याचा मोबाईल, त्याच्या लग्नाची तारीख, सगळं बेरीज काढून घेतलेलं. "आन् आकड्याची बेरीजबी आठच! एक न् सात आठ! आठ कुनाचा आकडा हाय? शनीचा! मी काल सांगत हुतो, आधी शिंगणापूरला तेल घालून या, मंग बुंदीला हात लावा. न्हाई ऐकलं."

"कानिफ, बस खाली," भिमाबाई म्हणाल्या. माळवस्तीच्या या पंच. नऊ पंचांत बाई एकटीच, पण तिनं हळू बोललेलंही बाकीचे आठ जण ऐकायचे. "सर, नऊनं जात नसंल तर धानं घाला. धावा वाटा देवाला ठिवू."

"दहानंही जात नाही."

"मंग अकरा करा," रविराज म्हणाला. "दोन वाटे पाहुण्यांना."

"अकरानंही आठ उरतात."

"आठ करा वाटं," रंभाजीआण्णा म्हणाले. "हायवे न् मळा ह्यांचा मिळून एकच धरा. तशाबी त्या चिकटूनच हायेत."

यावर हायवेची वस्ती आणि मळ्यातली वस्ती, ज्यांचं रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीवरून तीन वर्षं बोलणं बंद होतं, प्रथमच एका सुरात बोलली. काय बोलली ते भोंगा चालू असल्यामुळं सगळ्या गावानं ऐकलं.

"भांडू नका," सर थकून म्हणाले. "आठनंही जात नाही. आकडा विषम आहे."

मग गर्दीतून आकडे येऊ लागले. सात? नाही. तेरा? नाही. सतरा? नाही. कुणी म्हणालं एकवीस, ते शुभ असतात. कुणी एक्कावन्न म्हणालं, त्यापेक्षा शुभ. सर प्रत्येकाला 'नाही' म्हणत होते आणि प्रत्येक 'नाही'सरशी लोकांच्या डोळ्यांतला संशय एकेक पैशानं वाढत होता. गणिताच्या मास्तरानं भाग जात नाही म्हणणं म्हणजे वाण्यानं वजन नाही म्हणण्यासारखं. कुणीतरी मागून बोललंसुद्धा, "सरांना आता सोडून जायचंय ना, मन लागंना त्यांचं."

सरांनी कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका उचलली, खिशातलं पेन काढलं आणि खांबाला टेकून पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर भागाकार मांडायला सुरुवात केली. संख्या केवढी, तिचं वर्गमूळ केवढं, ते झालं शंभराच्या आसपास. म्हणजे शंभराच्या आतल्या पंचवीस अविभाज्य संख्यांनी तपासायचं आणि त्यातली एकही लागू पडली नाही तर विषय संपला. पंचवीस भागाकार. चौसष्टाव्या वर्षी, जत्रेच्या दिवशी, उपाशीपोटी. तेवीसनं दोन उरले. एकोणतीसनंही दोनच. सत्त्याण्णवनं सोळा उरले तेव्हा वधूवरांच्या पत्रिकेवर जागा उरली नव्हती.

"हा आकडा अविभाज्य आहे," सरांनी जाहीर केलं. "याला कशानंच भाग जात नाही. एकानं जातो, नाहीतर मग त्याचा त्यालाच."

"एकानं म्हंजी?" भिमाबाईंनी विचारलं.

"सगळे लाडू एकाच वस्तीला."

"हे चालंल," रंभाजीआण्णा म्हणाले. "गावठानाला द्या."

"आन् त्याचा त्यालाच म्हंजी?" कानिफनाथनं घाईनं विचारलं.

"दहा हजार सात वाटे करायचे, प्रत्येकाला एक."

"मंग माणशी एक द्या की!"

"गावात माणसं साडेतीन हजार आहेत, कानिफनाथ."

"मतदार यादीनं धरा."

"मतदार यादीतही तेवढी नाहीत. गेलेली धरूनसुद्धा."

रविराजला हे पटेना. त्यानं मोबाईल काढला आणि एका बाजूला बसून एकेका आकड्यानं भागायला लागला. यंत्र त्याचं, तर आकड्याचा अपमान हाही त्याचाच होता. दर दोन मिनिटांनी तो मान वर करायचा आणि लोक आशेनं बघायचे. "एकतीसनं?" "पॉइंट येतोय." "सदतीसनं?" "पॉइंटच येतोय." पाऊण तासानं तो उठून आला आणि सरांच्या जवळ बसला. त्याचा चेहरा उतरला होता.

"सर, एवढाले लाडू मोजले. त्यात नेमका हाच आकडा कसा आला?"

"यंत्र आणलंस म्हणून आला," सर म्हणाले. "तोंडी मोजणीत असले आकडे येत नाहीत."

यात टोमणा होता की कबुली, ते रविराजला कळलं नाही. सरांनाही नीटसं कळलं नाही.

यावर पहिला उपाय सोपा होता आणि तो भिमाबाईंनीच काढला. "आठच उरत्यात न्हवं? मंग आठ देवाफुडं ठिवून आठ जनांनी परसाद म्हनून खाऊन टाकू. नियम थोडा वाकंल, पन मोडायचा न्हाई."

सगळ्यांना ते पटलं. मग सगळ्यांच्या एकाच वेळी ध्यानात आलं की लाडू आठ आहेत आणि पंच नऊ.

"मळा न्हाई खाणार, मळ्याला उपवास हाय," रविराज म्हणाला.

"उपास तुज्या वस्तीला!" कानिफनाथ गरजला.

पुढची दहा मिनिटं चाळीस वर्षांपूर्वीची जत्रा परत भरते की काय, अशी गेली. अखेर रंभाजीआण्णांनी घंटा वाजवून आठाचा बेत रद्द केला.

दुसरा उपाय सरांच्या तोंडून निसटला. "आठ काढण्यापेक्षा एक वाढला असता तर बरं झालं असतं. दहा हजार आठला नऊनं बरोब्बर जातो. अकराशे बारा, अकराशे बारा."

"मंग करा की एक!" भिमाबाई म्हणाल्या.

पण करायचा कशाचा? बुंदी संपली होती, कढई धुऊन झाली होती, आचारी मिरजगावला पोचले होते. बाहेरचा लाडू चालत नाही. त्याच कढईतले, न मोजलेले लाडू गावात दहाच होते. आणि ते कुठं आहेत हे सगळ्यांना माहीत असून तिकडं कुणी बघत नव्हतं. मोजणीआधी दहा लाडू मानाचे काढतात. नऊ पंचांचे नऊ आणि वाटप करणाऱ्याचा एक. कागदात गुंडाळून ज्याचा त्याच्या हातात देतात. तो घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांनी चिमूटचिमूट खायचा. या घडीला आठ पंचांचे खिसे फुगलेले होते आणि भिमाबाईंच्या पदराला गाठ होती. पण मानाचा लाडू परत करायचा म्हणजे वस्तीचा मान परत करायचा. तो कोण करणार? मग पुढं चाळीस वर्षं लोक म्हणणार, लाडू कमी पडला तवा मळ्यानं मान सोडला.

"पाट्या तर देऊन टाका," रंभाजीआण्णांनी निकाल दिला. "उरलं-सुरलं मागनं बघू."

लाडू शंभर-शंभराच्या पाट्यांत भरलेले होते. शंभर पाट्या आणि वर सात. प्रत्येक वस्तीला अकरा पाट्या गेल्या, नव्याण्णव संपल्या. उरलेली एक पाटी आणि ते वरचे सात, असे एकशे सात लाडू तांब्याच्या परातीत ठेवून त्यावर पांढरं फडकं घातलं. सरांनी थकल्या डोळ्यांनी परातीकडं पाहिलं. एकशे सात हाही अविभाज्यच. पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एका दिवसाला एवढं गणित गावाला सोसणार नव्हतं.

दीड वाजता लाईट गेली.

लाल पाटी विझली, भोंगा मुका झाला, कॅमेऱ्यावरचा हिरवा ठिपका गेला. "चहा घ्या रं तवर," कुणीतरी ओरडलं आणि मांडव रिकामा झाला. सर एकटे उरले. गाभाऱ्यात भैरवनाथ, मांडवात परात आणि खिशात त्यांचा मानाचा लाडू. त्यांनी इस्तरी केलेली साडी आठवली. सव्वीस वर्षं परातीतनं काढलं, आज एकदा परातीत टाकायचं. देवाच्या खात्यावर हे जमेलाच धरलं जाईल, असा विचार करून त्यांनी फडक्याखाली हात घातला, लाडू ठेवला आणि बाहेर येऊन लिंबाच्या सावलीत आडवे झाले. एकशे आठ. नऊ बारे एकशे आठ. सुटलो.

डोळे मिटता मिटता त्यांना दिसलं, की लाईट गेल्यावर पंचांना देव फार आठवायला लागलाय. रंभाजीआण्णा काठी टेकत दर्शनाला आत गेले आणि लगेच बाहेर आले. थोड्या वेळानं कानिफनाथ गेला. मग भिमाबाई. मग एकेक करून बाकीचेही. रविराज तर दोनदा गेला. पहिल्यांदा आत कुणीतरी होतं म्हणून परत फिरला. सरांना बरं वाटलं. निदान सगळे मिळून एकच मागणं मागतायत, असं मनाशी म्हणत त्यांनी डोळ्यांवर टोपी घेतली.

तीन वाजता लाईट आली. मांडव पुन्हा भरला. पोटात कावळे, समोर लाडू, आणि पंगत-पालखी दोन्ही अडलेल्या. त्यामुळं गाव एकदम गंभीर झालं होतं. नऊ वस्त्यांचे नऊ पंच नऊ रिकाम्या पाट्या पुढं घेऊन ओळीनं बसले.

"सर, काय करनार?" रंभाजीआण्णांनी विचारलं. विचारताना ते सरांकडं न बघता छताकडं बघत होते.

"वाटायला घेऊ. बघू काय होतं," सर म्हणाले.

"देव हाय," भिमाबाई म्हणाल्या.

"हायच," उरलेले आठ जण म्हणाले.

सरांनी फडकं काढलं आणि वाटायला सुरुवात केली. प्रत्येक पाटीत एक, अशी एक फेरी. दोन. तीन. रविराज भोंग्यावरून फेऱ्या सांगत होता. अकरावी फेरी झाली तेव्हा मागची माणसं टाचा उंचावून परातीत बघायला लागली. आता परातीत नऊ राहायला हवेत, म्हणजे बाराव्या फेरीला परात रिकामी. सरांनी बारावी फेरी सुरू केली. पहिली पाटी, दुसरी पाटी... नववी पाटी. बारा.

परातीत लाडू होते.

सरांनी न मोजल्यासारखं करून मोजले. नऊ. नऊ लाडू परातीत शहाण्यासारखे बसले होते. मोजणी चुकली? यंत्र चुकलं? मग सरांची नजर समोरच्या ओळीवर गेली आणि एकतीस वर्षांच्या मास्तरकीत, उत्तर न येणाऱ्या पोरांच्या तोंडावर जे भाव ते बघत आले होते, ते त्यांना नऊ चेहऱ्यांवर एकदम दिसले. रंभाजीआण्णा छत बघत होते. कानिफनाथ स्वतःची बोटं मोजत होता. सकाळी फुगलेले आठ खिसे सपाट होते. भिमाबाईंच्या पदराची गाठ सुटलेली होती.

नऊ जणांनी, एकमेकांच्या नकळत, एकेक. आणि गंमत अशी, की त्या नवांच्या त्यागानं हिशेबात काडीचा फरक पडला नव्हता. नऊ वाट्यांत नऊ मिसळले की बाकी होती तिथंच राहते, आठ. सरांचा दहावा पडला नसता तर नऊ मान जाऊनही परात आठ लाडू दाखवत हसली असती.

"तेरावी फेरी," सर शांतपणे म्हणाले.

परात रिकामी झाली. सरांनी ती उचलली, उलटी केली आणि गावाला दाखवली. बुंदीचा एक दाणा खाली पडला, तो कोंबडीनं टिपला.

"बाकी शून्य!" रविराज भोंग्यावर किंचाळला. "प्रत्येकी अकराशे तेरा!"

हलगी वाजली, गुलाल उडाला. त्या गोंधळात रविराजनं सवयीनं मोबाईल काढला आणि अकराशे तेरा गुणिले नऊ केलं. सर बघत होते. रविराजचं तोंड उघडलं. त्यानं विझून पुन्हा पेटलेल्या लाल पाटीकडं पाहिलं, मग मोबाईलकडं, मग त्याचा हात आपोआप सपाट खिशावर गेला. त्यानं मोबाईल बंद केला आणि पाटीची वायर उपटली. गावात गुणाकार येणारी माणसं पुष्कळ होती. पण दुपारी साडेतीनला, उपाशीपोटी, वाटा हातात पडल्यावर गुणाकार करणारा माणूस अजून सावरदऱ्यात जन्माला आलेला नाही.

"काल मी शिंगणापूरच्या बाजूला तोंड करून हात जोडलं हुतं," कानिफनाथ ज्याला त्याला सांगत होता.

मग रंभाजीआण्णांनी भोंगा हातात घेतला. "मंडळी, आज काय झालं ते तुमी डोळ्यांनी बघितलं. मोबाईलला भागला न्हाई तो आकडा. कशानंच जात न्हाई, आसं सर सोता म्हनलं. आन् त्योच आकडा सरांनी भागून दावला! शून्य बाकी! आता मला सांगा, सर म्हनत्यात मला सोडा. आसा माणूस सोडायचा का?"

"न्हाई!" गाव गरजलं.

"सर तहहयात!" आण्णांनी जाहीर केलं आणि सरांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. घालताना त्यांच्या कानाशी हळूच म्हणाले, "सर, किती झालं ते तुमी मोजलं असंलच. पोटात ठिवा. माझी एवढी एक चूक झाली."

"तुमची एकट्याची नाही, आण्णा," सर म्हणणार होते. पण हारामुळं मान वळेना, आणि खरं सांगायचं तर नऊ जणांचं सांगताना दहाव्याचंही सांगावं लागलं असतं. नऊही पंच जिवाच्या आकांतानं टाळ्या वाजवत होते. सरांनी हात जोडले. बाकी उरली असती तरी पुढच्या वर्षी उभं राहायचं होतं. बाकी गेली म्हणून आता मरेपर्यंत उभं राहायचं होतं.

घरी पोचले तेव्हा रोहिणीबाई ओट्यावर बसल्या होत्या. भोंगा घरापर्यंत ऐकू येत होता, त्यामुळं काही सांगायची गरज नव्हती. सर हारासकट खुर्चीत बसले.

"मानाचा लाडू कुठंय?" बाईंनी विचारलं.

सरांनी रिकामा खिसा उलटा करून दाखवला.

"अकराशे तेरा आलं म्हनं वाट्याला." बाई बोटांवर पेरं मोजायला लागल्या. त्या सातवी झालेल्या, पण सव्वीस वर्षं बाकी त्यांनी खाल्ली होती. बाकीची चव त्यांना कळत होती. "पाट्यांचं अकराशे सोडा. वरचं तेरा. नऊ तेरं एकशे सतरा. अन् परातीत भोंगा म्हनत हुता एकशे सात." त्या थांबल्या. "धा जास्त."

"हं."

"एक तुमचा."

"हं."

"मंग नऊ?" आणि सरांनी सांगायच्या आत त्यांना कळलं. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण हसू पदरात मावेना. "अगं बाई! म्हंजी आज नऊ घरांत नऊ बाया इचारत असतील, मानाचा लाडू कुठंय म्हनून!" हसता हसता त्यांचे डोळे भरले, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. त्यांनी उठून इस्तरीची साडी कपाटात ठेवली. कडी जरा जोरात लावली.

तेवढ्यात मोबाईल वाजला. माहेराहून, धाकटा भाऊ प्रवीण. बाईंनी तो स्पीकरवर टाकला.

"दाजी हायेत का गं जवळ? दाजी, तुमी म्हनं न भागनारा आकडा भागला आज! हितं आमच्या ग्रुपवर व्हिडिओ आलाय. दाजी, आमी लई अडचनीत हाय. आमच्याकडंबी आज जत्रा. नवसाचे नारळ सात भावक्यांत सारखे वाटायचे असत्यात. सकाळपासनं वाटतोय, वाटं जमंनात. माणसं हातघाईवर आल्यात. तुमी येता का? आत्ता निघालात तर दिवेलागणीपर्यंत पोचाल, पालखी थांबवून धरतो."

"किती नारळ?" सरांनी डोळे मिटून विचारलं.

"चार हजार तीन."

सरांनी सातनं भागलं. सहा उरले. एक जास्त असता तर बसलं असतं. बाकीचे भागाकार त्यांनी केलेच नाहीत. आजचा दिवस बघता हाही अविभाज्यच असणार, याची त्यांना खात्री होती.

"प्रवीण, मानाचे नारळ काढलेत का?"

"काढलेत की. सात भावक्यांच्या सात कारभाऱ्यांना."

"कारभाऱ्यांना सांग, एकच नारळ कमी पडतोय. मग उरलेल्या नारळांच्या परडीवर फडकं घाल आणि तासभर सगळ्यांना चहाला ने."

"अन् मंग?"

"मग काही नाही. मी येतोय."

फोन ठेवून सर उठले. गुडघे दोनदा वाजले. ते स्वयंपाकघरात गेले, फळीवरचा एक नारळ उचलला, हलवून पाहिला आणि शबनम पिशवीत टाकला. सात ते लोक टाकतीलच. त्यानं काही होत नाही. आठवा लागतो.

"साडी काढ," ते म्हणाले. "पाचची नगरची गाडी आहे."

रोहिणीबाई कपाटाची कडी काढता काढता थबकल्या. "अहो, पन तिथल्यांनीबी तुमाला तहहयात केलं, तर? एकाच दिवशी हितं नऊ वाटं आन् तिथं सात. कसं करनार?"

सरांनी गळ्यातला हार काढून खुंटीला अडकवला. त्यांना मनापासून दमल्यासारखं झालं होतं, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा थोडं मोकळंही.

"ते त्यांचं त्यांनी बघावं," सर म्हणाले. "मी एकटा आहे. एकाचे दोन वाटे करायचे म्हणजे मोडावं लागतं. आणि मोडायचं नाही, हा नियम दोन्हीकडं आहे."